इशापूर २ए१ : फोरएंडचा तिढा आणि आटत चाललेला सरप्लस

माझी इशापूर २ए१, म्हणजे भारतातील इशापूर कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड घराण्यातील जुनी लष्करी रायफल, दुरुस्त करणे चालू आहे. गेल्या नोंदीत ज्या नव्या फोरएंडवर (नळीखालच्या पुढच्या लाकडावर) मी सगळी भिस्त ठेवली होती, तो आला आणि परतही गेला. जाहिरातीत तो ‘ड्रॉप-इन’, म्हणजे काही न घासता थेट बसणारा, असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात नळीची खाच किंचित तिरकी होती, मॅगझिनची खिडकी अरुंद होती आणि ड्रॉच्या, म्हणजे गोळी सुटताना रिसीव्हरच्या खांद्यांचा धक्का पेलणाऱ्या आतल्या बैठकांच्या, जागी तर इतके लाकूड खरवडून काढले होते की रिसीव्हर (नळी आणि बोल्ट धरणारा धातूचा सांगाडा) आत बसवल्यावर पुढेमागे सरकत होता. खिडकी रुंद करता येते, खाचही कानस आणि धातू कुठे टेकतो ते दाखवणाऱ्या काजळीच्या साहाय्याने सरळ करता येते. पण जे लाकूड मुळातच नाही ते कानसून आणता येत नाही. पुनर्निर्मित लाकूडसाज विकणाऱ्या बहुतेकांविषयी माझे मत यानंतर अधिकच कडवट झाले आहे. लाकूड बाहेरून घोटून चकाकते केले की काम झाले, असा त्यांचा समज दिसतो. ली-एनफिल्डचा नेम मात्र सगळा आतल्या बाजूवर अवलंबून असतो.

आधी चांगली बातमी सांगतो, म्हणजे उरलेल्या नोंदीत निर्धास्तपणे कुरकुर करता येईल. हेडस्पेसचा, म्हणजे बोल्ट मिटल्यावर काडतुसाला मिळणाऱ्या जागेचा, प्रश्न सुटला. ली-एनफिल्डच्या नंबर ४ नमुन्यात बोल्ट हेडवर (बोल्टच्या पुढच्या सुट्या तुकड्यावर) ० ते ३ असे आकडे असतात, त्यामुळे लांबीची काही तरी कल्पना येते. त्याआधीच्या नंबर १ च्या घराण्यात ती सोय नाही आणि २ए१ ही त्याच घराण्यातील. म्हणून जुन्या बोल्ट हेडांचा पुडका घेऊन एकेक लावून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. अखेर एक असे सापडले की मापाच्या गो गेजवर बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा मिटतो आणि नो-गो गेजवर ठामपणे अडतो. त्या संध्याकाळी मी विनाकारण बोल्ट उघडझाप करत बसलो होतो, हे येथील मंडळींना समजून घेता येईल.

आता तिढा. माझ्या रायफलीचा मूळ फोरएंड मागच्या टोकाला उभा चिरलेला आहे. आधीच्या कोणी तरी फोरएंड न उतरवताच दस्त्याचा बोल्ट (दस्ता रिसीव्हरला जोडणारा लांब स्क्रू) फिरवला असणार, कारण चिरेचा नमुना नेमका तसाच आहे. या बोल्टचे पुढचे चौकोनी टोक फोरएंडच्या मागील पट्टीत अडकलेले असते. ते तसेच फिरवले की लाकूड पाचर मारल्यासारखे फाटते. त्यातच दोन्ही ड्रॉ वर्षानुवर्षांच्या तेलाने मऊ होऊन चेपल्या आहेत. नखाने दाबले तरी खळगा पडतो. ॲसिटोनने धुऊन आणि खडूच्या भुकटीचा लेप देऊन बरेच तेल ओढून काढले, तरी उन्हात ठेवल्यावर पुन्हा घाम फुटतोच. अशा लाकडात इपॉक्सी धरत नाही. तांब्याच्या पट्ट्या ठोकून ड्रॉ भरण्याचा पर्याय आहे. परंतु पट्टीमागचे लाकूडच पिठूळ असेल तर पट्टी कोणाच्या आधारावर उभी राहणार?

‘दुसरी २ए१ घे आणि मोकळा हो’ असा सल्ला मागच्या वेळी एकाने दिला होता. सल्ला बरोबर असता, जर वर्ष १९९० असते. १९८४ च्या दुरुस्तीने क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे संग्रहयोग्य जुन्या (५० वर्षे ओलांडलेले शस्त्र त्यात आपोआप येते), ठरलेल्या लष्करी रायफलींची अमेरिकेतील आयात पुन्हा खुली केली आणि त्यानंतरच्या काळात इशापूरच्या रायफली येथे इतक्या आल्या की त्यांना कोणी मोजत नव्हते. आज दुकानांत दिसते ती त्याच मालाची दुसरी किंवा तिसरी फिरती. आमच्यापैकी अनेक जण तीन वर्षांना ३० डॉलर भरून क्युरिओ अँड रेलिकचे ‘सी अँड आर’ लायसन्स नेमाने नूतनीकरण करतात, बाउंड बुक, म्हणजे खरेदी-विक्रीची नोंदवही, सुवाच्य ठेवतात. पण त्या वहीत नोंदवायला नव्याने आलेला माल फारसा उरलेला नाही.

नवा माल येण्याची वाट कायद्याने पूर्ण बंद आहे असे नव्हे, आणि म्हणूनच आशा सुटत नाही. २ए१ बनली १९६० आणि ७० च्या दशकांत, म्हणजे ५० वर्षांची अट ती ओलांडत आलेली आहे. तिकडे भारतात उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ च्या जुन्या ली-एनफिल्डला निरोप दिला, तेव्हा येथील चर्चांना उधाण आले होते. मी तेव्हाही साशंक होतो. सैन्य-पोलिसांच्या सेवेतील कॅलिबर (गोळीचे माप) नागरिकांच्या हाती जाऊ न देण्याकडे भारतातील व्यवस्थेचा कल जुना आहे. म्हणूनच तर ली-एनफिल्डचीच यंत्रणा वापरून नागरिकांसाठी .३१५ ची वेगळी रायफल तिथल्या सरकारी कारखान्यांनी बनवली. त्याखेरीज लहान शस्त्रांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००१ चा कृतिकार्यक्रम जादा साठ्याची विल्हेवाट शक्यतो नष्ट करूनच लावावी असे सांगतो, आणि बहुतेक सरकारांना ते सोयीचेही आहे. रायफल वितळवली की कागद बंद होतो; ती विकली की पुढची कित्येक वर्षे कोणाला तरी उत्तरे द्यावी लागतात.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे नेपाळ. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारातून मार्टिनी-हेन्री, ब्रन्सविक आणि गहेंद्र रायफलींचा जो खजिना बाहेर आला, त्याने आमच्या सगळ्या पिढीची अपेक्षा बिघडवून ठेवली आहे. अलीकडच्या वर्षांत इथिओपियातूनही कार्कानो आणि माउझर रायफली आल्या. त्यांची अवस्था पाहिलेल्यांना मी वेगळे सांगायला नको. जादा पैसे घेऊन ‘हँड-सिलेक्ट’ (हाताने निवडलेल्या) म्हणून पाठवलेल्या आणि तसल्या नसलेल्या रायफलींत मला आजवर फरक दिसलेला नाही. असे साठे यापुढेही अधूनमधून सापडतील. त्यांवर संग्रहाचे नियोजन मात्र करता येत नाही.

बाकी दारे एकेक करून मिटली आहेत. रशियातील माल २०२१ च्या निर्बंधांनंतर थांबला, चीनचा १९९४ पासूनच थांबलेला आहे. अमेरिकेनेच मित्रराष्ट्रांना दिलेल्या गॅरंड या अर्ध-स्वयंचलित रायफली खासगी आयातदारांमार्फत परत आणण्याला २०१३ मध्ये नकार मिळाला. ज्या परत आल्या त्या नागरिकांना जुन्या लष्करी रायफली विकणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामच्या वाट्याला गेल्या आणि तिथल्याही फळ्या दरवर्षी थोड्या अधिक रिकाम्या दिसतात.

खरा शेवट मात्र निर्बंधांनी नव्हे, तर रायफलींच्या रचनेनेच आणला आहे. ज्या इशापुरात २ए१ बनली, तिथेच पुढे भारतीय सैन्याची इन्सास रायफल बनली आणि तिच्यात तीन गोळ्यांचा बर्स्ट (घोडा एकदा दाबला की तीन गोळ्या) आहे. अमेरिकी कायद्याच्या लेखी ती मशीनगन ठरते आणि १९ मे १९८६ नंतर नागरिकासाठी नवी मशीनगन नोंदवता येत नाही. इन्सास ५० काय, १०० वर्षांची झाली तरी त्यात बदल होणार नाही. जगभरच्या जवळजवळ प्रत्येक सैन्याची गोष्ट हीच आहे: बोल्ट-ॲक्शन आणि अर्ध-स्वयंचलित रायफलींचा काळ संपला, पुढचे सारे काही स्वयंचलित. त्यांचे रिसीव्हर गॅसकटरने कापून सुटे भाग तेवढे येतात, आणि २००५ पासून त्यांतही नळी येत नाही. म्हणजे आपल्या छंदाला कच्चा माल पुरवणारा कालखंडच मागे पडला आहे. मागून येणारी पिढी रांगेत उभीच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की टंचाईची झळ आपल्याला आधी रायफलींत नव्हे, तर सुट्या भागांत बसेल. पोलाद कपाटात शंभर वर्षे टिकते. लाकूड चिरते, वाकते, तेल पिते आणि बोल्ट हेड हरवतात. रायफली शेकड्याने येत होत्या तेव्हा एक मोडून तीन दुरुस्त करणे परवडत होते. आता ते परवडत नाही.

इथवर लिहून झाल्यावर एक जाहिरात नजरेस पडली आणि पुढचा सगळा बेत बदलला. २ए१ पैकी बऱ्याच रायफली येथे आल्यावर आखूड करून ‘जंगल कार्बाइन’ या थाटात विकल्या गेल्या होत्या. आपण सारे त्यांना नाके मुरडतो, मीही मुरडत आलो. नळी छाटलेली, पुढचे लाकूड कापलेले, असल्या नावाची इशापुरी रायफल सैन्याने कधी वापरलेलीच नाही. पण त्यांच्या फोरएंडचा मागचा अर्धा भाग हा इशापूरचाच असतो. मॅगझिनची खिडकी, तिच्यापुढचा तो आडवा इशापूर स्क्रू, आणि मुख्य म्हणजे ड्रॉ! माझे नेमके जे मोडले आहे तेच तिथे शाबूत आहे. जाहिरातीतील गृहस्थ आपल्या कार्बाइनला कृत्रिम दस्ता बसवत आहेत आणि उतरवलेले लाकूड विकत आहेत. फोटोत मधल्या बँडची जागाही पूर्ण दिसते, आणि मागच्या टोकाला चीर नाही. मागणी नोंदवून टाकली आहे.

तेव्हा तांब्याच्या पट्ट्यांचा विचार आता मागे. माझ्या फोरएंडचा पुढचा भाग निरोगी आहे. नळीला वर रेटणारी स्टड (खुंटी) आणि तिची स्प्रिंग जागच्या जागी आहेत, आणि नोजकॅपच्या (पुढच्या टोकाच्या धातूच्या टोपीच्या) मागे खालच्या अंगाला रायफलीचा क्रमांक ठोकलेला आहे. तो क्रमांक रिसीव्हरशी जुळतो. तो भाग राखायचा, मागचा भाग कार्बाइनच्या लाकडाचा घ्यायचा, आणि सांधा मधल्या बँडच्या खाली लपवायचा. सरळ टोकाला टोक जोडण्यापेक्षा अर्ध्या जाडीचा लांब सांधा मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तिथे चिकटण्याला जागा जास्त मिळते आणि धक्का ड्रॉवर पेलला गेल्यामुळे सांध्यावर फारसा ताण येऊ नये. दोन लाकडांचा रंग जुळणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. रंग लावून ते झाकायचे की उघडे ठेवायचे, हे मी अजून ठरवलेले नाही. माझा कल उघडे ठेवण्याकडे आहे, कारण पुढे ही रायफल ज्याच्या हाती जाईल त्याला दुरुस्ती दिसली पाहिजे.

यातून खरेदीची यादीही फिरली आहे. वर्षअखेरीस स्विस के३१ घ्यायचा बेत होता, तो पुढे ढकलतो. त्या पैशांत छाटलेल्या, दुर्लक्षित, कोणी विचारत नसलेल्या स्पोर्टर ली-एनफिल्ड पाहायला लागणार आहे. १९६८ पूर्वी टपालाने स्वस्तात घेऊन हरणाच्या शिकारीसाठी कापलेल्या हजारो रायफली जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि मालकांच्या पश्चात वारस त्या विकायला काढतात. यापुढे सरप्लस, म्हणजे सैन्यांनी काढून टाकलेला जुना माल, येईल तो परदेशी शस्त्रागारांतून नव्हे, या माळ्यांवरून. मूळ रूपातील रायफल मात्र सुट्या भागांसाठी कोणी मोडू नये, यावर मी ठाम आहे. कोणी तसे करताना दिसल्यास येथे भांडण ठरलेले.

लाकूड आले की आधी नुसते रिसीव्हरवर चढवून काजळीने ड्रॉचा स्पर्श तपासेन आणि दोन्ही बाजू सारख्या टेकत असतील तरच करवत हाती घेईन. दरम्यान एक विचारायचे आहे: इशापूर स्क्रूच्या आसपासचे जुने लाकूड जोडताना कोणी पुरण म्हणून त्याच लाकडाचा भुसा इपॉक्सीत मिसळून पाहिला आहे का, आणि काही गोळ्या झाडल्यानंतर तो टिकला का? त्याचे उत्तर मिळाल्यावरच सांध्याची लांबी नक्की करीन.