गच्चीवरून दिसणारी करडी दीर्घिका

मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर आणि मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला एम५१ या दीर्घिकेचा, म्हणजे दूरवरच्या ताऱ्यांच्या भोवऱ्याचा फोटो. गाभ्याभोवती वळसे घेणाऱ्या निळ्या भुजा, गुलाबी ठिपके, मधे पिवळसर गाभा. सगळं रंगपंचमीच्या बनियनइतकं भडक. असले फोटो पाहून दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याचा हमखास विरस होतो. आठ इंची दुर्बिणीतून दिसतात ते दोन करडे डाग, एक ती आणि एक तिच्या शेजारची छोटी दीर्घिका. एवढ्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. अर्धा तास अंधारात बसायचं, टॉर्चला लाल कागद लावायचा आणि डागाकडे सरळ न बघता जरा बाजूला बघायचं. मग नागपूरजवळच्या पेंचच्या जंगलातल्या काळोखात भुजांचा वळसा जाणवतो. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉस या खगोलनिरीक्षकानं ७२ इंची आरशातून पाहून तो कागदावर उतरवला, तोही बिनरंगाचा.

रंग खोटे नाहीत पण. पिवळे ते म्हातारे तारे. निळे तापट आणि अल्पायुषी, जन्मल्या भुजेतून बाहेर पडायच्या आतच संपतात. म्हणून भुजा निळ्या. गुलाबी तो हायड्रोजन वायूचा उजेड, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. आणि भुजा म्हणजे पक्का सांगाडा नव्हेच. नागपुरातल्या बर्डीच्या चौकातल्यासारखं: गाड्या बदलतात, गर्दी तिथेच.

घरून फोटो काढायचा तर सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा मरीची धरायचा, तिथून साडेतीन अंश. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष नागपूरच्या अक्षांशाइतका, २१ अंशांवर, दोन-दोन मिनिटांच्या शंभरेक फ्रेम. खरी वैरीण गच्ची. पूर्वी संध्याकाळी तिच्यावर बादल्या ओतून गाद्या घालायचे, पोरं सप्तर्षी मोजता मोजता झोपायची. पण पाण्यानं स्लॅब झोपण्यापुरता गार होतो, दुर्बिणीपुरता नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत गरम हवा वर येत राहते आणि तारे पाण्यात पडल्यासारखे हलतात. त्यापेक्षा अंगणातली माती बरी. सेन्सरही तापतो, साधारण दर सहा अंशांना त्यातला नकोसा प्रवाह दुप्पट. म्हणून तो फोटोतून वजा करायच्या काळ्या, म्हणजे डार्क फ्रेम त्याच रात्री, झाकण लावून, त्याच तापमानाला काढायच्या. पहाटेच्या गारव्यातल्या चालत नाहीत.

अंगण नसेल तर एक वाजेपर्यंत थांबायचं. तोवर दीर्घिका वायव्येला कललेली असते आणि खालच्या खोलीतल्या कूलरची थरथर स्लॅबमधून ट्रायपॉडच्या पायांत चढते. तारे लांबट येतात. आता मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद करा म्हणून सांगायचं कोणाला?