कानाला भोक होतं, बिल्ला नव्हता

पहाटे साडेपाचला शेतात गेलो तर हरभऱ्यात सहा जनावरं उभी. हरभरा घाट्यात होता, म्हणजे दाणे भरत होते, दोन दिवस आधीच पाणी दिलेलं, त्यामुळे जमीन ओली, आणि खुरं एवढी खोल रुतलेली की एकेका खड्ड्यात पाणी साचलं होतं. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. बॅटरी मारली तसे चार पळाले बांधावरून, दोन तिथंच राहिले, कारण त्यांना पळायची ताकदच नव्हती, बरगड्या मोजता येत होत्या. एक म्हातारा तांबडा बैल, शिंगाला अजून जुन्या रंगाचे पापुद्रे होते म्हणजे कुणीतरी कधीतरी पोळ्याला रंगवलेला. आणि दुसरा काळापांढरा एचएफ क्रॉसचा (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीच्या संकराचा) गोऱ्हा, वर्ष सव्वा वर्षाचा असेल. त्याच्या कानाकडे बघितलं आणि मला खरंच कसंतरी झालं. कानाला भोक होतं, बिल्ला नव्हता. भोकाच्या कडेनं कान थोडा फाटलेला, म्हणजे बिल्ला पडला नव्हता, कुणीतरी कापून काढला होता, त्यावरच्या १२ आकडी सरकारी नंबरावरून मालक सापडू नये म्हणून.

हे सगळं लिहायचं कारण की त्या पहाटेनंतर मी मोकाट जनावरांचा कायदा नीट बसून वाचला. आतापर्यंत आपण फक्त ऐकत आलो, "कोंडवाड्यात टाकीन तुझी गुरं" असं. पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते माझ्या ओळखीतल्या एकाही शेतकऱ्याला सांगता आलं नाही, मलाही नव्हतं माहीत.

मूळ कायदा १८७१ चा, कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट. इंग्रजांच्या काळातला. पुढे आपल्याकडे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात गावचा कोंडवाडा ग्रामपंचायतीकडे आला, त्याचे काही नियम वेगळे आहेत, पुढे सांगतोय ते मूळ १८७१ च्या कायद्यातलं. आणि मला वाचताना सारखं वाटत होतं की हा कायदा ज्यानं कुणी लिहिला त्याला गाव माहीत होतं. म्हणजे बघा, शेतात जनावर घुसून नुकसान करत असेल तर शेतकरी ते स्वतः धरू शकतो, पोलिसाची वाट बघायची गरज नाही. आणि फक्त जमिनीचा मालकच नाही, जो ती जमीन कसतोय तो पण धरू शकतो, बटईनं केलेली असली तरी, आणि ज्यानं पिकासाठी पैसे उचल दिलेत किंवा ज्यानं उभं पीक विकत घेतलंय तो पण. पण धरलं की २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, घरी बांधून ठेवायचं नाही. मारायचं नाही, मालकाशी भांडायला जायचं नाही, जनावर घ्यायचं, कोंडवाड्यात न्यायचं आणि नोंद करायची. रजिस्टरमध्ये किती जनावरं, कशी दिसतात, कुठल्या दिवशी किती वाजता आणली, कुणी आणली, मालक माहीत असेल तर त्याचं नाव, सगळं लिहायचं आणि त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यायची. ती नक्कल फार महत्त्वाची आहे, कारण उद्या मालक उलटून म्हणाला की माझी गुरं चोरली, तर तुमच्या हातात तोच कागद असतो.

जनावर नेताना मालकानं अडवलं किंवा जबरदस्तीनं सोडवून नेलं तर तो गुन्हा, मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि उलट बाजूनं पण विचार केलाय. कुणी खोटेपणानं, नुकसान नसताना गुरं धरली तर मालक १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शकतो आणि भरपाई मिळवू शकतो. हे मला बरं वाटलं, कारण गावात जुनी भांडणं असतात, बांधावरून कोर्टात गेलेले लोक असतात, त्यांच्या हातात एकतर्फी कायदा दिला तर काय होईल ते सांगायला नको.

दंडाचे जुने दर वाचण्यासारखे आहेत. हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गायबैलाला ४ आणे, शेळीमेंढीला १ आणा. १८७१ मध्ये ४ आणे म्हणजे गरिबाला जड जाणारी रक्कम होती. शिवाय कोंडवाड्यात जेवढे दिवस जनावर राहील तेवढ्या दिवसांचा चारापाण्याचा खर्च वेगळा. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, मग नोटीस लावायची आणि जवळच्या गावात, बाजारात दवंडी पिटायची, आणि त्यानंतरही सात दिवस कुणी आलं नाही तर जाहीर लिलाव. आणि त्या लिलावात कोंडवाड्याच्या माणसानं किंवा पोलिसानं बोली लावायची नाही असं स्पष्ट लिहिलंय! कशाला लिहिलं असेल ते कळतं ना लगेच.

आमच्या शेजारचे एक आबा आहेत, ऐंशी पार केलेले, ते सांगतात त्यांच्या लहानपणी कोंडवाड्यात म्हैस गेली की घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. त्यांची आई पदराच्या गाठीतले पैसे सोडून द्यायची आणि म्हैस घेऊन येताना रस्ताभर त्या म्हशीशी बोलत यायची. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या म्हशीच्या गळ्यात लोढणं. आबा म्हणतात कोंडवाड्याच्या भीतीनं गावात प्रत्येक घरचं पोरगं गुरांमागे जायचं.

आता माझ्या दोन जनावरांचं सांगतो. दाव्याला धरून मी आणि माझा चुलतभाऊ त्यांना गावात घेऊन आलो. कोंडवाडा आहे आमच्याकडे, म्हणजे चार भिंती आहेत, त्यातली एक अर्धी पडलेली, फाटक नाही, आत पाणीपुरवठ्याचे जुने पाइप आणि वेड्या बाभळी. पंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं की भाऊ, ठेवून घ्यायला जागा नाही, चारा कुठून आणायचा, तुम्हीच ठेवा एकदोन दिवस. मी म्हटलं कायद्यात २४ तास दिलेत, मला नोंद करून कागद द्या, तर रजिस्टरच नाही. मी कुणाला दोष देत नाही, त्या माणसाकडे तीन गावांचं काम आहे, पण मी दोन जनावरं धरून उभा होतो आणि माझ्यासाठी जो कायदा दीडशे वर्षं आहे त्याचं फाटकच गायब होतं.

दुसरं एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. तो दंड शेतकऱ्याला मिळतच नाही, तो सरकारजमा किंवा पंचायतीकडे जातो. तुमच्या पिकाच्या नुकसानीसाठी तुम्ही मालकावर वेगळा दावा करायचा, तो हक्क कायद्यानं राखून ठेवलाय. पण मालक कोण? रानडुकरानं, रोह्यानं (नीलगायीनं) पीक खाल्लं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, थोडेफार का होईना पैसे येतात. पण ज्या गोऱ्ह्याचा कान कापलाय त्यानं खाल्लं तर ना वनखातं येणार, ना मालक सापडणार, कारण तो रानातला पण नाही आणि कुणाच्या दावणीचा पण नाही.

मला वाटतं खरी अडचण इथंच आहे. १८७१ चा सगळा कायदा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे जनावराला किंमत आहे. किंमत आहे म्हणून मालक दंड भरून सोडवायला येणार, आणि नाही आला तर लिलावात कुणीतरी घेणार, त्यातून चाऱ्याचा खर्च निघणार. आबांची आई पदराची गाठ सोडायची कारण म्हैस गेली तर घर बसलं असतं. आता ट्रॅक्टर आला, बैल उरले नाहीत. दुधासाठी संकरित गाय आली, तिला कालवड झाली तर आनंद, गोऱ्हा झाला तर त्याला ना औताला जुंपता येत ना विकता येत, उन्हात धापा टाकतो नुसता. १९७६ च्या राज्याच्या कायद्यात गाय होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळू पण त्यात आले, त्यावर प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं, मी त्या वादात पडत नाही, पण त्यानंतर भाकड आणि म्हाताऱ्या जनावराला बाजारात गिऱ्हाईक मिळेना हे मी दर आठवड्याच्या बाजारात बघतो. मग लोक रात्री टेम्पोत घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ५० लाख मोकाट गुरं मोजली गेली. ५० लाख! या जनावरांना कोंडवाड्यात टाकलं तर न्यायला कोण येणार, आणि लिलाव केला तर बोली कोण लावणार. म्हणजे पंचायतीनं रोज चारा घालायचा आणि परत शून्य. म्हणून कोंडवाडे पडले, आळसामुळेच पडले असं नाही.

आणि हे लिहिताना मेंढपाळ, गुराखी यांना एका ओळीत गुन्हेगार करून टाकायचं नाही मला. त्यांच्या बाजूनं हाच कायदा कसा लागतो ते पण बघा. राखीव जंगलात जनावर गेलं तर १९२७ च्या वन कायद्यात ते सरळ या कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्टखाली नुकसान करणारं जनावर धरलं जातं, आणि त्याचे दंड तर मूळ दरापेक्षा जास्त ठेवले होते, हत्तीला १० रुपये, गायबैलाला १ रुपया. इकडे जंगल बंद, तिकडे गावोगावची गायरानं कमी कमी होत गेली, कुठं अतिक्रमण, कुठं सरकारी इमारती. वाड्यावरचा धनगर शेकडो मेंढरं घेऊन जाणार कुठं? आमच्याकडे काढणी झाल्यावर आपणच त्याला बोलावतो, मेंढरं बसवून खत घेतो, आणि उभं पीक असताना तोच आपल्याला शत्रू वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण गुरांनी पीक खाल्लं तर दंड सांगितलाय, पण त्यातून दहा दिवसांच्या आतली व्यालेली गाय आणि देवाला सोडलेला वळू वगळलाय. म्हणजे इतक्या जुन्या काळी पण नियम करणाऱ्यानं थांबून विचार केला होता की हे जनावर आणि ते जनावर सारखं नाही.

कायद्याशिवाय चालतं का? चालतं, हिवरे बाजार बघा. नव्वदच्या दशकात त्या गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, म्हणजे डोंगरावर जनावर मोकळं सोडायचं नाही, गवत कापून घरी न्यायचं आणि दावणीला घालायचं. खुरांखाली गवताचं मूळच उपटून जातं, विळ्यानं कापलं तर मूळ राहतं आणि पाऊस पडला की परत फुटतं. मूळ राहिलं म्हणून माती राहिली, माती राहिली म्हणून पाणी मुरलं. पण ते जमलं कारण गवत सगळ्यांना मिळालं आणि नियम गावानं स्वतः ग्रामसभेत केला होता. नुसतं बंदी म्हणून बोर्ड लावला आणि चाऱ्याची सोय केली नाही तर पहिल्या उन्हाळ्यात तो बोर्ड जळणाला जातो.

कुणी म्हणतं झटका मशीन लावा, म्हणजे कुंपणाच्या तारेला शिवलं की जनावराला विजेचा हलका झटका बसतो. मी पण विचार केला, शेजाऱ्यानं लावलीय. पण मग ती जनावरं माझ्याकडून निघून पुढच्या शेतात जातात, जिथं एक विधवा बाई एकटी दोन एकर करते, तिला तार घ्यायला पैसे नाहीत. रात्र रात्र जागल करते ती, शेकोटी पेटवून, डबा वाजवत.

ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिलाय, मजकूर साधा ठेवलाय. कोंडवाड्याची भिंत आणि फाटक वित्त आयोगाच्या निधीतून होतं का ते बघा, रजिस्टर सुरू करा, आणि गावातल्या प्रत्येक जनावराचा बिल्ला नंबर पंचायतीत लिहून ठेवा, म्हणजे कान कापला तरी कुणाच्या दावणीचं एक कमी झालं ते कळेल. बैल म्हातारा झाला तर सांगा, लपून सोडू नका, आपण चार गावं मिळून चारा गोळा करू, काढणीनंतर एकेक पेंढी दिली तरी पुष्कळ होतं. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून सेक्स सॉर्टेड सीमेन (मादी वासरं व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य) मागा, त्यात साधारण ९० टक्के कालवडीच होतात, म्हणजे गोऱ्हे मुळातच कमी जन्मतील. हे मी अर्जात शेवटी टाकलंय पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

तांबडा बैल आमच्याकडे अकरा दिवस होता. चौथ्या दिवसापासून उठेना, डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, आईनं गुळाचं पाणी पाजलं, पण गेला. शेताच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरला, मीठ टाकून. गोऱ्हा अजून आहे, कानाची जखम भरत आलीय, मी हळद लावतो रोज. २४ तास केव्हाच उलटून गेलेत, कायद्यानं बघितलं तर मीच चुकतोय, पण त्याला नेऊन सोडायचं कुठं? परवा चुलतभाऊ म्हणाला पलीकडच्या तालुक्यात सोडून येऊ रात्री. मी नाही म्हटलं. पलीकडच्या तालुक्यात पण आता हरभरा घाट्यातच आहे.