जांभ्यावर सावली बघून चालवायची: रत्नागिरी ते गणपतीपुळे, रात्रीची माउंटन बाइक

डिसेंबरातली अमावास्येजवळची रात्र. मार्ग रत्नागिरी, साखरतरचा पूल, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे असा. नेवऱ्याच्या पुढे डांबर सोडून सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर), चिरेखाणींच्या (जांभ्याचे चिरे कापायच्या खाणींच्या) गाडीवाटेने, आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून भंडारपुळ्यामार्गे गणपतीपुळे. नुसत्या सागरी रस्त्याने हे अंतर साधारण २५ किलोमीटर, सड्यावरून फिरून आलं की ३० च्या आसपास. संध्याकाळी साडेसहाला निघालं की साडेदहापर्यंत पोचता येतं. त्यातले अडीच तास डांबर, दीड तास कातळ. दिव्यांचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर बसतो.

डांबरावर ३०० लुमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) पुरतात. आरे-वारेच्या चढावर सायकल हळू चालते, दिव्याला वारा लागत नाही, आणि तो लवकर तापतो. तापला की स्वतःहून मंद होतो. म्हणून चढाला कमी आणि उताराला पूर्ण, अशी सवय ठेवा. समोरून गाडी किंवा चालणारं माणूस आलं की हेल्मेटचा दिवा आधी बंद करा. आपण त्यांच्याकडे बघतो आणि झोत थेट त्यांच्या डोळ्यांत जातो.

खरी परीक्षा सड्यावर. जांभा काळपट तांबडा, भोकाभोकांचा, उजेड पिऊन टाकणारा. इथे बहुतेक जण सगळ्यात जोरदार दिवा हेल्मेटवर बांधतात, आणि तीच मोठी चूक. हेल्मेटचा झोत डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागे लपते. खड्डा, पायरी, उंचवटा सगळं सपाट दिसतं. हँडलबारचा दिवा डोळ्यांपेक्षा निदान अर्धा मीटर खाली असतो, त्याच्या उजेडात सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा आकार कळतो. याच सड्यांवरची कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) भर दुपारी धड दिसत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र रेघ न रेघ उठून येते. नियम तोच.

तेव्हा हँडलबारवर रुंद झोताचा ९०० ते १२०० लुमेनचा दिवा, हेल्मेटवर अरुंद झोताचा ४०० ते ५००. हेल्मेटचा दिवा लागतोच, कारण वळणावर हँडलबारचा उजेड चाकाच्या दिशेने जातो, वाट मात्र आधीच बाजूला वळलेली असते. उजेडाचा रंग ४००० ते ४५०० केल्विनचा घ्या (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). ६५०० च्या निळसर पांढऱ्या उजेडात तांबडी माती आणि वाळलेलं गवत एकाच राखाडी रंगाचं होतं.

झोत लावायला घराची भिंत पुरे. हँडलबारचा दिवा जमिनीपासून १ मीटरवर आणि झोताचा मध्य १० मीटरवर पडायला हवा असेल, तर भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा, मध्य ५० सेंटिमीटर उंचीवर यायला हवा. सायकलवर बसून लावा, कारण वजनाने पुढचा सस्पेन्शन फोर्क दबतो आणि झोत खाली जातो. हेल्मेटचा झोत १५ ते २० मीटरवर. ताशी २० किलोमीटरला सेकंदाला साडेपाच मीटर कापले जातात. ब्रेक सुचायला एक सेकंद आणि थांबायला चारेक मीटर धरले तर १० मीटर संपतात. सैल खडीवर त्याहून जास्त. दिसतं त्यापेक्षा जोरात सोडायची नाही, मग दिवा कितीही महागाचा असो.

दिवा स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या भागाच्या) जवळ, मधोमध. ब्रेकची केबल काचेपुढे आली तर समोर काळी रेघ नाचत राहते, ती बांधून बाजूला घ्या. धक्क्यांनी माउंट (दिव्याची पकड) फिरतो. त्याखाली जुन्या ट्यूबचा एक वेढा घाला. हेल्मेटवरचा दिवा १५० ग्रॅमच्या आत, पुढच्या बाजूला, शक्य तितका खाली. करवंदीच्या जाळ्या आणि काजूच्या फांद्या त्यालाच अडकतात. पट्टा वेल्क्रोचा असावा, म्हणजे फांदीला अडकला तर दिवा सुटेल, मान हिसकली जाणार नाही.

चिरेखाणींबद्दल ठासून सांगायला हवं. खाण उभी कापलेली असते आणि बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. उजेडात कडा नुसती सरळ काळी पट्टी दिसते. उजेड टाकूनही जिथून काहीच परत दिसत नाही, तिथे थांबा आणि उतरून चालत बघा. वाटेच्या कडेला रचलेले चिरे किंवा तांबडी भुकटी दिसली की खाण जवळ आहे असं समजा. पाखाडीवर हेल्मेटचा दिवा मंद करा, पायऱ्यांच्या कडा लगेच दिसू लागतात.

पाय टेकण्याआधी खाली उजेड टाका. फुरसं हा विषारी साप जांभ्याच्याच रंगाचा असतो आणि रात्री हिंडतो. कोरलेला कातळ दिसला तर चाक वर नेऊ नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आणि पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) पांढरा दिवा अजिबात नको. नोव्हेंबर ते मार्च या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं उजेडाला फसून समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

बॅटरीचा हिशोब: साधारण १०० लुमेनला १ वॉट. अडीच तास ३०० लुमेन म्हणजे ७.५ वॉट-तास, दीड तास ९०० म्हणजे १३.५. बेरीज २१, तीस टक्के राखीव धरून २७. ३५०० मिलिअँपिअर-तासाचा १८६५० मापाचा लिथियम सेल साडेबारा वॉट-तास देतो, म्हणजे असे दोन थोडे कमी पडतात. त्याहून मोठ्या २१७०० मापाचे ५००० चे दोन सेल ३६ देतात, ते घ्या. हेल्मेटला एक १८६५० पुरतो. गटाने जात असाल तर टेल लाइट फक्त शेवटच्या सायकलचा लुकलुकता, बाकीच्यांचे मंद आणि स्थिर, नाहीतर मागच्याला सावल्याच दिसत नाहीत.

पहाटे परतायचं असेल तर धुक्यात हेल्मेटचा दिवा बंद. समोर पांढरी भिंत उभी राहते. घरी आल्यावर खारं दव गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण उघडून रात्रभर वाळू द्या, आणि पोर्ट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जर लावू नका.