तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त कमी, मग वारेचे हार्मोनही कमी?

तपासणीच्या रांगेतली एखादी तरी विचारतेच, "सिस्टर, हिमोग्लोबिन आठच आलंय. मग वारेतून (पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून) येणारे हार्मोनही कमी पडत असतील ना? त्याची वेगळी गोळी नको का?" दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाणारी विचारते, नाशिकच्या कॉलेज रोडवरची इंजिनिअरही विचारते.

होतं बरेचदा उलटंच. आईच्या रक्तातून प्राणवायू कमी यायला लागला की वार गप्प बसत नाही. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ती पसरते, बाळाच्या वजनाच्या मानाने मोठी होते. एचसीजी आणि एचपीएल ही संप्रेरकं वारेच्याच पेशी बनवतात. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असलेल्या गरोदर बायकांत ती वाढलेली आढळली आहेत. म्हणून हार्मोनचा आकडा भरपूर आला तरी मी निश्चिंत होत नाही.

यातल्या एचपीएलचं काम फार बोलकं आहे. ते आईच्या शरीराला सांगतं, तू चरबीवर भागव, साखर बाळाला राहू दे. आधीच थकलेल्या बाईकडूनच वार आणखी मागत असते. आणि हे ओढून नेणं कायम पुरत नाही. रक्तक्षय तीव्र असला, बराच काळ राहिला, तर बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

गरोदरपणात रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरणं स्वाभाविक आहे. पण ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. मला खरी धास्ती बाळंतपणाच्या वेळची असते. जेवढा रक्तस्राव बारा हिमोग्लोबिनची बाई सोसते, तेवढाच सातवालीच्या जिवावर बेततो.

तेव्हा हार्मोनची गोळी मनाने घेऊ नका. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोहाची गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. आकडा फार कमी असेल तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा सलाईनमधून लोह देतात. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर आणखी बरं. चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याजवळ नको, दोन तास तरी मध्ये जाऊ द्या.