ऐरोलीच्या चिखलात भरलेला विज्ञानाचा तास

नवी मुंबईतल्या दिघ्यात संध्याकाळी आमचा अभ्यासवर्ग चालतो. तिथली पोरं घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून लोकलने एकाच स्टेशनाचा प्रवास, पुढे रिक्षा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. बहुतेक लोक इथे येतात ते भरतीला बोटीतून फ्लेमिंगो बघायला. आम्ही मुद्दाम ओहोटी गाठली. मला पोरांना चिखल दाखवायचा होता.

आतली दालनं पोरांनी भराभर बघून टाकली. पाय रोवले ते बाहेर, खारफुटीपाशी.

ही पोरं सेमी इंग्रजीवाली. विज्ञान-गणित इंग्रजीत, बाकी विषय मराठीत. घरी कुणाकडे बंजारा बोली, कुणाकडे हिंदी, कुणाकडे मराठवाडी. 'रेस्पिरेशन'ची व्याख्या विचारा, एका दमात म्हणून दाखवतील. झाड श्वास घेतं का, विचारलं की सगळ्यांच्या माना खाली.

माहिती सांगणाऱ्या ताईंनी व्याख्या विचारलीच नाही. तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची टोकं दाखवून म्हणाल्या, "हे काय असेल?"

वर्गात कधीच तोंड न उघडणारा सातवीतला एक मुलगा पुटपुटला, "मुळं."

"मुळं तर खाली जातात ना रे?"

"गावाला रानात पाणी तुंबलं की तूर पिवळी पडती. मुळं गुदमरत्यात, आजा सांगतो. म्हणून ह्यांनी नाकं वर काढली."

माझ्या अंगावर काटा आला. पाण्याने भरलेल्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, हे त्याने तुरीच्या रानातून स्वतः शोधून काढलं होतं. ताईंनी त्याला शाबासकी दिली आणि मग सांगितलं, "याला न्यूमॅटोफोर म्हणतात." त्याने तो शब्द दोनदा घोळवला आणि वहीत उतरवला.

शेजारच्या गटातल्या एक बाई मध्येच म्हणाल्या, "इंग्लिशमध्ये बोलायला लावा, परीक्षेत हे नाही चालणार." मला संताप आला. इंग्रजी या पोरांना हवीच आहे. अकरावीला सायन्स घेतलं तर सगळं इंग्रजीतच येणार. पण ज्या भाषेत मूल विचार करतं तीच बंद केली, तर उरते फक्त घोकंपट्टी. ताईंचा क्रम मला शंभर टक्के पटला: आधी चिखल, मग पोराचं बोलणं, मग इंग्रजी नाव. वस्तीतल्या पोरांना अशी जागा आणि असं शिकवणारं माणूस नेहमी मिळायला हवं, सहलीपुरतं नव्हे.

मग तिवराच्या पानावरचं मीठ झालं, ओल्या कातडीतून श्वास घेणारी, चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी झाली. पण तो मुलगा मुळांपाशीच घुटमळत होता. "भरतीला नाकं बुडत्यात. मग?"

ताई खूश झाल्या. मुळांच्या आत पोकळ्या असतात, त्यांत हवा साठते. पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो, आतला दाब उतरतो आणि ओहोटीला मुळं उघडी पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते. हे त्यांनी आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत.

परतीच्या रिक्षात तो धाकट्या बहिणीला समजावत होता, "प्रेशर कमी झालं की एअर आत जाती, नायतर झाड गुदमरतं." तिचा लगेच प्रश्न, "मग आपली तूर का नाही नाकं काढत?"

हे विचारायला पुढच्या महिन्यात पुन्हा ऐरोलीला जायचं ठरलंय.