डोळे निर्दोष, तरी डावी बाजू हरवलेली : माझा अनुभव

आईला पक्षाघात झाला आणि मेंदूच्या उजव्या पॅरायटल भागाला, म्हणजे आजूबाजूच्या जागेकडे लक्ष ठेवणाऱ्या भागाला, इजा झाली. औषधोपचार आणि हातापायांचे व्यायाम वेळेवर सुरू झाले. सगळे अडले ते पुनर्वसन विभागाच्या अर्जातल्या ‘दृष्टिदोष’ या एका रकान्यापाशी. त्यासाठी नेत्रविभागाचा दाखला हवा होता. नेत्रविभागाने तपासणी चोख केली, समोर धरलेले एकेक अक्षर आईने ओळखले, दृष्टिक्षेत्राची चाचणीही निर्दोष निघाली आणि कागदावर ‘दृष्टी सामान्य’ असा शेरा आला. तोच शेरा दाखवून पुनर्वसन विभाग आम्हाला परत पाठवी आणि नेत्रविभाग पुन्हा तोच कागद हाती ठेवी. इकडे आई ताटातले उजवीकडचे तेवढे खाऊन ‘संपले’ म्हणे, ताट फिरवून दिले की उरलेले तिला दिसे, आणि कंगवा डोक्याच्या डाव्या बाजूला वळतच नसे. डोळ्यांना दिसते, पण लक्ष तिकडे जात नाही, एवढी साधी गोष्ट खिडकीपलीकडच्या कोणीही ऐकून घेतली नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

अखेर एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) दोन्ही हातांची बोटे आईसमोर धरली. फक्त डावीकडचे बोट हलवले की आई ते सांगे; दोन्ही एकदम हलवली की तिला उजवेच जाणवे. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत एका वेळी एकच ठिपका उजळतो, तेव्हा डाव्या बाजूचे लक्ष ओढून घेणारे उजवीकडे काही नसते, हे मला तिथे उमगले. मग आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगितल्यावर आईची खूण बरीच उजवीकडे पडली, आणि कागदभर विखुरलेल्या रेघांपैकी डावीकडच्या तिने खोडल्याच नाहीत. अहवालात ‘निग्लेक्ट’, म्हणजे एका बाजूकडे लक्षच न जाणे, असे स्पष्ट लिहून मिळाल्यावर अर्ज लगेच स्वीकारला गेला, आणि मला सुटल्यासारखे वाटले.

म्हणून उजव्या मेंदूच्या झटक्यानंतर या कागद-पेन्सिलीच्या चाचण्या स्वतःहून मागाव्यात. त्यांना यंत्र लागत नाही. १९७८ साली बिझियाक आणि लुझात्ती या इटालियन संशोधकांनी असे रुग्ण मिलानचा ओळखीचा चौक नुसता आठवतानाही डावी बाजू गाळतात, आणि कल्पनेत समोरच्या टोकाला उभे केले की आधी गाळलेल्या इमारती सांगतात, असे दाखवले. दोष डोळ्यांचा नाही याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते : वाचताना मजकुराच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी ओढावी आणि ती दिसल्यावरच ओळ सुरू करायला सांगावे. मदतीची घंटा मात्र उजव्या हाताशीच ठेवावी, कारण सराव डावीकडे करून घेता येतो, पण अडचणीच्या वेळी ती शोधत बसणे रुग्णाला परवडत नाही.