भोगव्याला जायचंय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

सिंधुदुर्गात कर्ली नदीच्या मुखाशी उत्तरेला देवबाग, दक्षिणेला भोगवे. देवबागेच्या बाजूला वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट असतो. गरीवाल्यांनी, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी, भोगवे-निवतीचा किनाराच धरावा. कुडाळ स्टेशनवरून परुळेमार्गे रिक्षा किंवा स्वतःची गाडी. एसटीवर विसंबलात तर भरतीचं पाणी चुकेल. रोख पैसे जवळ ठेवा.

सगळा खेळ पाण्याचा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे निघते: षष्ठीला साडेचार, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुखाशी ओढ इतकी की गरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो, तेव्हा खडकावरून तळाची गरी निवांत चालते. मुखाशी तांबोशी हा मासा हवा असेल तर मला या दोन्हींमधले दिवस आवडतात. मी तासभर आधीच तंगूस (गरीची नायलॉन दोरी) सोडून बसलो होतो, तेव्हा घरमालक आजोबा म्हणाले, "पाणी फिरतला तेवा गरी टाका, तवसर चाय घेवा." चहा उत्तम होता, आणि तांबोशी पाणी फिरल्यावरच लागली.

ऑक्टोबरअखेरीपासून पाणी निवळतं. तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. जिवंत कोळंबी मिळाली तर आमिषाची चिंता मिटली. एप्रिल-मेमध्ये पहाटे आणि तिन्हीसांजेलाच बसा, दुपारी खडक भाजतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे होडीचा बेत नकोच. पावसात जिताडा मासा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो, म्हणून हौशी मंडळींना मोह होतो. पण त्या दिवसांत मुखाजवळचे खडक आणि वाळूचा दांडा दोन्ही टाळा. खाडीत आत, काठावरूनच गरी टाका. शिवाय अंडी भरलेली मादी सोडून द्यावी, असं माझं ठाम मत आहे, मग बरोबरचे कितीही कुरकुरोत.

रबरी तळाचे बूट आणि डोक्याला लावायची बॅटरी हवीच. शेवाळलेल्या खडकावर चप्पल म्हणजे हाडवैद्याची सोय. पक्कड विसरू नका. शिंगाळा मासा लागला तर त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. हात न लावता पक्कडीने गरी सोडवा. काटा घुसलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा.